जाळीखालचा मोरपंखी

मोबाईलमधला फोटो पुढे धरून कोणी म्हटलं, "ताई, ह्याच्यावर मॅचिंग दाखवा," की माझं डोकं फिरतं. मी सरळ विचारते, "साडी घरी हाये ना? मंग साडी घेऊन या. फोटोले ब्लाऊज घालाचा हाये काय?" गिऱ्हाईक फणकाऱ्यानं पुढच्या दुकानात जातं आणि चार दिवसांनी साडी काखेत मारून माझ्याकडेच परत येतं. आमचे हे म्हणतात, तुझ्या दुकानात कैची ठेवायची गरजच नाही, तुझी जीभ आहे. म्हणू देत. पुसदच्या बाजारातल्या एका अरुंद गल्लीत माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल, परकर, ओढण्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या गादीवर बसते आणि रंगाच्या बाबतीत मला कोणी शिकवलेलं खपत नाही.

म्हणजे एकाचंच खपायचं. त्यांना सगळा बाजार चाचा म्हणतो, मीही म्हणते. माझ्या पाटीवर 'डाय करून मिळेल' असं लिहिलेलं आहे, ते चाचांच्या जिवावर. बाजारात तयार रंग मिळाला नाही की पांढरा कपडा आणि साडीची एक कातरण चाचांकडे जायची आणि तिसऱ्या दिवशी हुबेहूब रंगून यायची. त्यांचं घर नदीच्या अंगाला. मागे उघडं अंगण, त्यात चूल, चुलीवर मोठं पातेलं, आणि चहूबाजूंनी चुना मारलेल्या पांढऱ्याफटक भिंती. स्वतः चाचाही कायम पांढऱ्या कुर्त्यात. हात तेवढे मनगटापर्यंत कधी गुलाबी, कधी हिरवे.

मी नवी होते तेव्हा एकदा लालभडक साडी नेसून त्यांच्या अंगणात गेले होते. एक मलईरंगाचा कपडा बघायला पुढे झाले तर चाचा म्हणाले, "ताई, जरा मांगं सरका. तुमची साडी कपड्यात उतरून राह्यली." मला वाटलं म्हातारा थट्टा करतो आहे. त्यांनी तो कपडा माझ्या पदराजवळ धरला आणि खरंच, त्यावर गुलाबी झाक आली. दूर नेला, झाक गेली. भिंती पांढऱ्या का, कुर्ता पांढरा का, ते तेव्हा कळलं. "रंग कपड्यात नसते, ताई," चाचा म्हणाले. "कपडा उजाला खाते. जो रंग त्याले पचत नाही तो वापस फेकते. आपन तो फेकलेला पाहतो. आता जसा उजाला येईन तसाच तो वापस करीन ना?" सातवीत मास्तरांनी हेच शिकवलं होतं, त्रिकोणी काच हातात घेऊन. तेव्हा डोक्यावरून गेलं होतं. चाचांच्या अंगणात एका वाक्यात कळलं.

तेव्हापासून मी उजेड बघायला लागले. टरबूजवाला गाडीवर लाल ताडपत्री का बांधतो, सराफाच्या दुकानात पिवळे दिवे का, भाजीवाल्या बाईची मेथी हिरव्या छत्रीखाली एवढी ताजी का दिसते, सगळं मला कळायचं आणि मी मनात हसायची. जावेबरोबर टरबूज घ्यायला गेले की मी फोड ताडपत्रीबाहेर नेऊन बघायची. टरबूजवाला म्हणायचा, "घ्या ना बाई, शक्कर हाये!" मी म्हणायची, "शक्कर असंन, पन लाल नाही." दुकानातही नियम एकच. ट्यूबलाइटखाली रंग पसंत करायचा नाही. साडी आणि पीस घेऊन पायरीवर यायचं, उजेडात बघायचं, मग फाडायचं. फाडलेला कपडा मी परत घेत नाही.

गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवतो. एप्रिलमध्येच अशी आग ओकायला लागला की अकरानंतर गल्लीत चिटपाखरू फिरकेना. लग्नसराईचे दिवस, आणि आम्ही सगळे दुकानदार माश्या मारत बसलेलो. शेवटी मीच सगळ्यांच्या मागे लागले. रोपवाटिकेवर बांधतात तशी हिरवी जाळी आपण गल्लीवर बांधू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भांडेवाला कुरकुरला, चपलांवाल्यानं फाटे फोडले, पण मी ऐकते थोडीच? दोन दिवसांत जाळी चढली. काय सांगू, जीव गार झाला! बाया येऊन थांबायला लागल्या. सावलीसाठी म्हणून यायच्या आणि दोन परकर घेऊन जायच्या. मी तर जो भेटेल त्याला सांगायची, जाळी माझ्या डोक्यातून आली म्हणून.

त्याच आठवड्यात एक बाई आली. पलीकडच्या खेड्यावरची, लेकीचं लग्न तोंडावर. लेकीच्या घागऱ्यावरची ओढणी इस्त्रीनं जाळली होती, चांगलं तळहाताएवढं भोक. घागरा मोरपंखी. मोरपंखी हा रंग मला विचारा. निळा म्हणाल तर हिरवा दिसतो, हिरवा म्हणाल तर निळा, आणि तयार ओढणीत तो कधीही सापडत नाही. बाई रडायच्या बेतात होती. पोरीनं तो घागरा हौसेनं घेतला होता आणि ओढणी आईच्याच हातून जळली होती. मी म्हटलं, "काळजी करू नका, माय. आपले चाचा हायेत." घागऱ्याच्या आतल्या शिवणीतून बोटभर कातरण काढून घेतली, पांढरी जॉर्जेटची ओढणी घेतली आणि चाचांकडे पाठवली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी चाचा स्वतः सायकलवरून ओढणी घेऊन आले. बाईही घागरा घेऊन बसलेली होती. दुकानात गर्दी. मी नियमाप्रमाणे घागरा आणि ओढणी घेऊन पायरीवर गेले, दोन्ही एकावर एक ठेवलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घागरा हिरवट, ओढणी निळी. आंधळ्यालाही दिसावं इतका फरक.

"हे काय होय, चाचा?"

चाचा पुढे आले. वाकले. बघत राहिले. "घरी तं बराबर होता," ते हळूच म्हणाले. "उजेडात पाह्यलं मी."

"मंग मी काय अंधारात उभी हाये?"

बाई मागून म्हणाली, "अवो, हे तं साफ निळं दिसते," आणि तिनं डोळ्याला पदर लावला. बस, मला तेवढंच निमित्त. मी काय बोलले ते शब्द न् शब्द आठवतं आणि लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हटलं, "चाचा, तुमची नजर गेली आता. दिसत नसंन तं सांगत जा ना! लोकांच्या लग्नाचा खेळ कायले करता? सोडा हा धंदा." समोरचा भांडेवाला दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, आणि मी पायरीवरून खाली बघून बोलत होते.

चाचांनी पुन्हा एकदा ओढणी घागऱ्यावर ठेवली, डोळे बारीक केले, मान हलवली. "नाही जमला," म्हणाले. "गलती झाली. दुसरी करून देतो." ती ओढणी त्यांनी माझ्या गादीवर ठेवली आणि पायरीवर दिसलेला घागऱ्याचा रंग डोळ्यांत धरून नवा पांढरा कपडा घेऊन गेले. दोन दिवसांनी दुसरी ओढणी आली. पायरीवर धरली, घागऱ्यात आणि तिच्यात सुईच्या टोकाएवढा फरक नाही. बाई हसली. मी चाचांना म्हटलं, "आता कसं! असं ध्यान देऊन करत जा." मला वाटलं मी कौतुकच करते आहे. चाचा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले, काहीतरी विचारायचं असल्यासारखे, आणि मग सायकल घेऊन निघून गेले.

पुढच्या आठवड्यात मी दोन ब्लाऊजपीस पाठवले तर ते तसेच पांढरे परत आले. निरोप आला, चाचांनी रंगाचं काम बंद केलं. मी म्हटलं, रुसले असतील, येतील. नाही आले. मग मी बाहेरगावच्या मशीनवाल्याकडे कपडा पाठवायला लागले. खोटं कशाला सांगू, मनात हेही आलं की बरं झालं, वेळेवर कळलं, नाहीतर माझं नाक कापलं गेलं असतं.

त्या लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. गेले. शेतातच मांडव, पण नवरीचे फोटो काढायला फोटोवाल्यानं तिला मांडवाबाहेर आणलं, संत्र्याच्या झाडांपाशी, स्वच्छ उन्हात. आणि मी हातातली पत्रावळ तशीच धरून उभी राहिले. घागरा मोरपंखी, मोराच्या गळ्याचा असतो तसा. आणि ओढणी पोपटी. एकाच पोरीच्या अंगावर दोन लग्नांचे कपडे. तिची आई माझ्याजवळ आली, भांडली नाही, एवढंच म्हणाली, "दुकानात तं बराबर होतं ना, ताई?" मी म्हटलं, "हो ना. रंग उतरला असंन." आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात चाचांना शिव्या दिल्या. कच्चा रंग दिला म्हणून.

त्या महिन्यात पीस बदलायला येणाऱ्या बायांची रीघ लागली होती. "ताई, घरी नेल्यावर वेगळाच दिसते." मी प्रत्येकीशी भांडले. पायरीवर, उजेडात, तुझ्या डोळ्यांनी बघून घेतला होतास की नाही? घेतला होता. मग? मग काय, त्या बिचाऱ्या पीस पिशवीत घालून परत जायच्या. एवढ्या बाया खोट्या आणि मी एकटी खरी, हे मला जराही विचित्र वाटलं नाही.

जूनमध्ये वारं सुटलं, जाळी फाटून लोंबायला लागली, आणि दुकानदारांनी ती उतरवून गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळा साफ करत होते. चाचांची ती पहिली ओढणी घडी घातलेली सापडली. तिच्यावर घागऱ्याची कातरण अजून टाचलेली होती. आता हिचं करायचं काय, कोणाच्या गळ्यात मारावी, असा विचार करत मी ती झटकायला पायरीवर आले. झटकली. कातरण सापडेना. मला वाटलं पडली. खाली बघितलं, पायरीवर नाही. मग ओढणीवरून हात फिरवला तर बोटाला टाचणी लागली. कातरण तिथंच होती. दिसत नव्हती, कारण तिचा आणि ओढणीचा रंग एकच होता.

मी मान वर केली. वर मोकळं आभाळ होतं.

पायरीवरच बसले मी. हिरव्या छत्रीखालची मेथी ओळखणारी मी, टरबूजवाल्याला हसणारी मी! अख्ख्या गल्लीच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं हिरवा उजेड बांधला आणि त्याच्याखाली उभी राहून सगळ्यांना म्हणत होते, उजेडात बघा. घागऱ्याचा रंग कारखान्याचा, ओढणीचा चाचांच्या पातेल्यातला. चांगल्या उन्हात दोन्ही सारखाच उजेड परत देत होती. पण हिरव्यात घागरा जरा जास्त देत होता आणि ओढणी कमी. चाचांनी बरोबर केलेलं मी चुकीचं ठरवलं, आणि मग त्यांच्याकडून चुकीचं करवून घेऊन शाबासकी दिली.

आणि तेव्हा मला दुसरी ओढणी देतानाचं चाचांचं ते बघणं कळलं. चाचांनी दुसरी ओढणी घरच्या अंगणात बघितली असणार. तिथं ती त्यांना पोपटी दिसली असणारच. माझ्या पायरीवर तीच बरोबर दिसली. माणसानं काय समजायचं? घरी एक दिसतं, बाजारात दुसरं. उजेड बदलला असं कोणाच्या मनात आलं नाही, आणि वर मी सांगून टाकलं होतंच, नजर गेली म्हणून. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. डोळ्यांपेक्षा जास्त.

तरी जायला मला आठ दिवस लागले. आज गर्दी आहे, उद्या पाऊस आहे. खरं म्हणजे तोंड नव्हतं. आधी ज्यांच्यासमोर बोलले होते त्यांच्यासमोर मोठ्यानं सांगितलं, पायरीवर उभं राहून, की चूक माझी होती, जाळीची होती, चाचांची नव्हती. भांडेवाला हसला, "म्हनूनच का, माझी पितळेची भांडी शेवाळल्यासारखी दिसत होती!" मी त्याला हसू दिलं. मग ओढणी, कातरण, आणि मशीनवाल्याकडून आलेलं एक काम, जांभळी साडी आणि तिचा पीस, असं सगळं पिशवीत घालून नदीकडे गेले.

अंगणात पातेलं पालथं घातलेलं होतं. चुलीत राख नव्हती, चूल सारवून टाकली होती. चाचा बाजेवर बसले होते. उठून म्हणाले, "या ताई, बसा." सुनेला चहा टाकायला सांगितला. मी चहा येईपर्यंतही थांबले नाही. सगळं भडाभडा सांगून टाकलं, जाळी, हिरवा उजेड, लग्नातली पोपटी ओढणी, माळ्यावरची कातरण. पाया पडायला वाकले तर त्यांनी हात धरला. "असं नका करू."

"चाचा, तुमची नजर बराबर होती. माझी अक्कल गेलती."

"नाही ताई," ते शांतपणे म्हणाले. "मी सोता पाह्यलं ना तुमच्या पायरीवर. निळीच होती ते."

मी ओढणी त्यांच्या मांडीवर पसरली, कातरण तिच्यावर ठेवली. सकाळचं दहाचं ऊन, पांढऱ्या भिंती, त्यांचंच अंगण. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "तुमी म्हनता तं असंन बराबर." रागानं नाही. खरोखर, मी म्हणते म्हणून. सून चहाचे कप ठेवता ठेवता बोलली, "आब्बा आजकाल टमाटर घ्याले गेले तं दुकानदारालेच इचारतात, पिकले का म्हनून." चाचांनी मान खाली घातली. एवढं मी बोलून बसले होते, दोन वाक्यांत, एका दुपारी.

मग मी जांभळी साडी काढली. तिच्यावर मशीनवाल्याचा पीस ठेवला आणि म्हटलं, "हे पाहा बरं. जमते का?"

"मी नाही करत आता."

"करू नका. पाहून तं सांगा."

त्यांनी साडीचा पदर हातात घेतला. बोटांत चोळला. पीस तिच्यावर सरकवला, खाली एकदा, वर एकदा. मग त्यांनी वर बघितलं, माझ्याकडे. मला वाटलं काही विचारायचं आहे. पण ते काही विचारत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, भुवयांकडे, ओठांकडे. शाळेतलं पोर उत्तर सांगायच्या आधी मास्तरांचं तोंड बघतं, तसे. हयातभर रंग ओळखणारा माणूस माझ्या तोंडावर रंग शोधत होता.

मी उठले आणि त्यांच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. नाकासमोर नुसता पांढरा चुना. सुनेला मी आधीच डोळ्यांनी खुणावलं होतं, ती आत गेली. आता त्यांच्यासमोर मी नव्हते, सून नव्हती. साडी होती, पीस होता आणि ऊन होतं.

बाज करकरली. कपडा झटकल्याचा आवाज आला. चाचा उठून उन्हात दोन पावलं चालले, परत आले. मी हलले नाही. माझ्या मनात एकच होतं, की या माणसानं आता 'तुमी म्हनता तसं' म्हटलं, तर हे मी आयुष्यभर विसरू शकणार नाही. सकाळी माझ्या पायरीवर, मोकळ्या आभाळाखाली, मी तो पीस तीनदा बघून आले होते. मला माहीत होतं त्यात काय कमी आहे. ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

"याच्यात लाल कमी पडला," चाचा म्हणाले. आवाज बारीक होता. मग जरा थांबून, जरा मोठ्यानं, "जास्त नाही. चिमटीभर. पन कमी हाये."

मी तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण डोळे वाहत होते.

"बराबर का, ताई?"

"मले कायले इचारता, चाचा? मी तं पाहूनच नाही राह्यली."